फायनल किती?

अप्पांच्या जाहिरातीत आधी दोष येतात. "गोदरेजचे लोखंडी कपाट विकणे आहे. डाव्या दाराला खालून एक वीत वर पोचा आहे. सदर पोचा सोलापूरहून बदली झाली तेव्हा सामान उतरवताना आलेला असून त्यामुळे वापरास बाधा येत नाही. आतल्या तिजोरीची किल्ली एकच आहे. आरशाचा पारा उजव्या कोपऱ्यात गेलेला आहे." एवढं सगळं झाल्यावर, जागा उरलीच तर, कपाट उत्तम स्थितीत असल्याचा उल्लेख येतो. किंमत येतच नाही. चारचौघांत आपल्या घरच्या वस्तूचा आकडा सांगणं अप्पांना रस्त्यावर पाट मांडून जेवल्यासारखं वाटतं. पण ॲप आकड्याशिवाय पुढे सरकू देत नाही. म्हणून त्यांनी तिथे एक रुपया टाकला आणि तासाभरात निम्मं पुणे एक रुपयात कपाट उचलायला तयार झालं.

फोटोचीही तीच गत. कपाटाला आरसा आहे, हे अप्पांना चांगलं ठाऊक आहे, जाहिरातीत तसं लिहिलंही आहे. तरी जो फोटो गेला त्यात कपाट कमी आणि आरशातले अप्पा जास्त. गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, पंचांग बघावं तसा. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "सोबत काकाही आहेत का?"

अप्पा पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि समोरासमोरच्या दारांतली सगळी मंडळी भाड्याच्या घरांत पांगायच्या तयारीला लागली. नव्या घरात भिंतीतली कपाटं येणार, तोवरच्या भाड्याच्या घरात जागा नाही, तेव्हा दिवाण, शिलाई मशीन, दोन टेबलफॅन, पुस्तकांची मांडणी, कॅरमबोर्ड, असं बरंच काही जायला हवं होतं. मुलगा सिॲटलला. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, टाकून द्या ना सरळ." त्या दिवशी अप्पा संध्याकाळी फिरायला गेले नाहीत.

किंमत ठरवण्यासाठी त्यांनी वही काढली. कपाट घेतलं तेव्हा आठ हजारांना पडलं होतं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आयकराच्या नियमात फर्निचरला दरसाल दहा टक्के घसारा धरतात, तो शिल्लक किमतीवर. अप्पांनी वर्षं एकेक करून खाली आणली, आणि शेवटी उत्तर आलं ४१९ रुपये. त्यांनी ते दोनदा तपासलं. उत्तर बरोबर होतं, हीच पंचाईत. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर निर्विकारपणे घसारा लावलेल्या माणसाला स्वतःच्या कपाटावर तो लावायला लागला, आणि नियमच चुकीचा असल्याचं त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. "लोखंडाला कसला घसारा?" ते मला म्हणाले. "लाकडाला ठीक आहे." योगायोगाने त्याच दुपारी भंगारवाला येऊन गेला. त्याने कपाट नुसतं हलवून बघितलं आणि वजनावर एकवीसशे सांगितले. म्हणजे कपाट म्हणून ४१९ आणि लोखंड म्हणून २,१००. अप्पांनी दोन्ही आकडे नाकारून जाहिरातीत ४,५०० टाकले. एक रुपयाचा प्रश्न तरी मिटला.

खरी परीक्षा निरोपांची. समोरचा लिहितो, "अव्हेलेबल आहे का". अप्पा उत्तर देतात, "सप्रेम नमस्कार. होय, कपाट उपलब्ध आहे. आपण कुठे राहता? बघायला केव्हा येता? येण्यापूर्वी फोन केल्यास बरे." त्यावर एकच ओळ येते, "फायनल किती". पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. अप्पांना याचं फार लागतं. भाव करायला त्यांची ना नाही. पण आधी वस्तू बघावी, नाक मुरडावं, जायला निघाल्यासारखं करावं, मग जिन्यातून परत वर यावं, असा त्याचा एक क्रम असतो. यांचं एकदम अखेरचंच. आणि अखेरचा आकडा सांगितला की माणूस गायब. निळ्या खुणा उमटतात, पुढे काही नाही. पहिल्या गायब झालेल्याला अप्पांनी दोन दिवस वाट पाहून लिहिलं, "आपली तब्येत बरी आहे ना?" त्याने त्यांना ब्लॉक केलं.

काकूंना यातलं काहीच समजत नाही. त्यांचा व्यवहार बोहारणीशी झालेला. तीन साड्या आणि एक शर्ट देऊन त्यांनी एकदा झाकणासह पातेलं घेतलं होतं, आणि त्या वाटाघाटीत दोघींचे आवाज गेटपर्यंत ऐकू येत होते. बोहारीण शर्टाची कॉलर उलटून दाखवायची, काकू पातेल्याचं बूड वाजवून दाखवायच्या. एकमेकींच्या वस्तूंना यथेच्छ नावं ठेवून झाली की बोहारीण पाणी मागायची आणि पुढच्या महिन्यात परत यायची. कुणालाच अवघडल्यासारखं होत नव्हतं, कारण जे व्हायचं ते दारात. पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवारी आणि रविवारी हेच चालतं. जमिनीवर मांडलेल्या नळाच्या तोट्या आणि घड्याळं कुणाच्या घरातून आली, कुणी विचारत नाही. मोबाइलने तो बाजार उचलून थेट हॉलमध्ये आणला. आता गिऱ्हाईक सोफ्यावर बसतं. आणि मराठी घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाला पाणी विचारावं लागतं, पाण्यामागून चहा येतो, आणि चहा दिलेल्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, यावर अजून तरी तोडगा निघालेला नाही.

मधल्या काळात एक लष्करी फोन आला. "सर, मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग हो गई है." वस्तू न बघता घेतो, भाव करत नाही, पैसे आत्ता पाठवतो, फक्त एक क्यूआर कोड येईल तो स्कॅन करून पिन टाका. यूपीआयमध्ये पैसे यायला ना स्कॅन लागतं, ना पिन. हे दोन्ही लागतात ते पैसे जायला. पण अप्पांचं लक्ष तिकडे गेलंच नाही. ते पहिल्याच वाक्यात अडकले. "न बघता? अहो, पोचा आहे त्याला!" तो म्हणाला, चलेगा. अप्पा म्हणाले, चालेल कसं, उद्या म्हणाल सांगितलं नाही. त्यांनी त्याला पोच्याचा फोटो पाठवला. मग पट्टी लावून पोच्याचा फोटो. मग किल्लीचा. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवणार असाल तर जिन्याची रुंदी मोजून कळवा, असंही लिहिलं. तो कोड पाठवत राहिला आणि अप्पा पोचा पाठवत राहिले. शेवटी त्यानेच फोन घेणं बंद केलं. आपल्या हातून एका जवानाची गैरसोय झाली, याची चुटपुट अप्पांना अजून आहे आणि मीही ती घालवायला गेलो नाही.

कपाट शेवटी नेलं ते बीडच्या दोन मुलांनी. सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करणारी पोरं. शनिवारी सकाळी आली, दारातच चपला काढल्या आणि अप्पांच्या पाया पडली. इथेच चार हजार पाचशे संपले. काकूंनी पोहे टाकले. अप्पांनी पूर्व परीक्षेची चौकशी केली, राज्यसेवेत लेखा सेवेचं पद कसं असतं ते सांगितलं, मग कपाटाचे दोष एकेक करून दाखवले. पोरांनी पोच्यावरून हात फिरवला आणि तो पोचा मुळी दिसतच नाही म्हणाली. पोह्यांचा दुसरा घास झाल्यावर मोठा चाचरत म्हणाला, "काका, आमचं बजेट दीड हजारच होतं, पण दोन देतो." अप्पा म्हणाले, "छे छे, शिकणारी मुलं तुम्ही, बाराशे द्या." "नाही काका, बावीसशे." "वेडे आहात का? पोचा आहे त्याला." मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. असा उलटा लिलाव मी आयुष्यात पाहिला नव्हता: गिऱ्हाईक चढतंय, मालक उतरतोय आणि दोघंही हळूहळू चिडतायत. काकू आतून ओरडल्या, "अठराशे! आणि पोहे गार होतायत."

कपाट लिफ्टमध्ये गेलं नाही. जिन्याने उतरवलं, छोटा हत्ती बोलावला, हमालीपायी अप्पांनी त्यातलेच दोनशे पोरांच्या खिशात कोंबले. हाती आले सोळाशे, म्हणजे भंगारवाल्यापेक्षा पाचशे कमी. हे मी बोलून दाखवलं तेव्हा अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुलाचाच सिॲटलचा मित्र असावा.

बाकीचं सामान असंच गेलं. दिवाण, पंखे, मांडणी, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. अडलाय तो एकटा मिक्सर, कारण तो खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मागितला. परक्याशी निदान आकड्यावर गाठ पडते. शेजाऱ्याशी पडत नाही. वहिनी म्हणाल्या, "काय द्यायचं ते सांगा." काकू म्हणाल्या, "तुमच्याकडून काय घ्यायचं?" वहिनी म्हणाल्या, "असं कसं, फुकट नको." काकू म्हणाल्या, "बघू सावकाश." आणि मिक्सर खाली गेला. तिसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून चकल्या वर आल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून काकूंनी तो बेसनाचे लाडू भरून खाली पाठवला. तो थालीपिठाची भाजणी घेऊन वर आला. भाजणी त्याच मिक्सरवर दळली होती आणि जरा जाडसर होती, हे काकूंनी फक्त मला सांगितलं. काल तो डबा मेतकूट घेऊन खाली गेलाय. दरम्यान मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं झाकण काकूंना इकडच्या फडताळात सापडलं, आणि ते नुसतं कसं द्यायचं म्हणून थांबलंय.

अप्पांच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे रक्कम, तारीख आणि शेरा आहे. मिक्सरपुढची जागा कोरी. घर रिकामं करायची तारीख जवळ आली, तसे ते काल पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे आले. मला वाटलं, येणे धरायचं की देणे, ते विचारतील. त्यांनी विचारलं, "लाडूंचा भाव बाजारात सध्या किलोला काय चाललाय हो? आणि चकलीचा वेगळा सांगा."