तात्यांचं ॲव्हरेज

तात्यांना कुणी 'काय, कसं काय?' विचारलं, तर ते '११.४' असं उत्तर देतात. पाऊस आणि कर्वे रस्त्यावरची खोदाई एकाच आठवड्यात आली तर '९.८', आणि चेहराही त्या मानाने उतरलेला असतो. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांना हे हिमोग्लोबिन वाटतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर त्यांना बीट आणि खजूर खाण्याचा सल्ला दिला होता. तात्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "तुमची किती देते?"

तात्यांची देते ती २००२ची लाल पालिओ १.६. आमच्या कोथरूडच्या पार्किंगमध्ये तिची जागा भिंतीलगत, जिथे कुणाचं दार तिला लागणार नाही अशी. २०००-०१च्या सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, तेव्हा तात्या बाहेर पडले. बरोबरीच्या लोकांनी आलेली रक्कम पोस्टात टाकली, मुलीच्या लग्नाला ठेवली, गावच्या घराचे पत्रे बदलले. तात्यांनीही बहुतेक रक्कम मुदत ठेवीतच घातली आणि उरलेल्या पैशांतून गाडी घ्यायला गेले. तेव्हा फियाटने कुर्ल्याच्या कारखान्यातून पालिओ बाजारात आणली होती आणि तिच्या जाहिरातीत खुद्द सचिन तेंडुलकर होता. तात्या गेले होते १.२ घ्यायला. ती शहाण्या माणसाची गाडी. १.६ मात्र सोळा व्हॉल्व्हची, शंभराच्या घरात हॉर्सपॉवर असलेली. त्या काळात घरोघरी दिसणाऱ्या मारुती ८००च्या दुपटीहून जास्त ताकद, आणि ताकदीला शोभेल अशी तहान. १.२ घ्यायला गेलेला बँकेतला माणूस १.६ घेऊन परत कसा आला, हे तात्यांना कितीदा विचारलं तरी ते विषय टायरच्या हवेवर नेतात.

तर अशी ही धावणारी गाडी तात्या गेली वीसेक वर्षं न धावू देता चालवत आहेत.

त्यांची वही पाहण्यासारखी आहे. लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची, बँकेत असायची तशी. रकाने असे: तारीख, मीटर, लिटर, दर, पंप, डेन्सिटी, हवामान, ॲव्हरेज, शेरा. हिशेब फुल टँक ते फुल टँक. बोलताना सोपं वाटतं, पण 'फुल' म्हणजे नेमकं किती, यावर तात्यांचं आणि पंपावरच्या पोरांचं आजवर एकमत झालेलं नाही. नोझल आपोआप बंद पडलं की टाकी भरली, हा तात्यांचा नियम. पोरगा सवयीने रक्कम गोल करायला आणखी दोनदा दाबतो. त्या दोन दाबांत अर्धा लिटर जातं आणि २२० किलोमीटरला २० लिटर म्हणजे ११, ते २०.५ होऊन १०.७ वर येतं. "तू तुझा आकडा गोल केलास, माझा चौकोनी झाला!" असं तात्या एकदा ओरडले होते. तेव्हापासून ते एकच पंप, एकच नोझल आणि शक्यतो एकच पोरगा धरून आहेत. तो पोरगा रजेवर असला तर तात्या परत येतात. जाण्यायेण्याचे किलोमीटर शेऱ्यात 'अनुत्पादक' म्हणून पडतात.

पंपावर गिऱ्हाइकाला काय काय मागता येतं, हे पुण्यात दोघांना माहीत असेल: वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला आणि तात्यांना. पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागता येतं. पेट्रोलचा थेंब टाकून पाहायला फिल्टर पेपर मागता येतो. डेन्सिटी वाचता येते. ते तिन्ही करतात, सकाळी सहाला, मागे रिक्षांची रांग असताना. सकाळी सहाच का, तर गार पेट्रोल दाट असतं, लिटरात जास्त बसतं. त्यांचा भाचा चाकणला एका गाडीच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. त्याने समजावलं, "मामा, टाकी जमिनीखाली असते. तिथे सकाळ काय, दुपार काय, तापमान जवळजवळ तेच. आणि समजा दहा अंशांचा फरक पडलाच, तरी एखादा टक्का!"

"एक टक्का?" तात्या खुर्चीतून उठले. "अरे, आमच्या बँकेत पाव टक्क्यासाठी लोक शाखा बदलायचे."

याच भाच्याने त्यांना आयुष्यातला मोठा धक्का दिला. दिवे घाट उतरताना तात्या गाडी न्यूट्रलला टाकत. इंजिनाला विश्रांती, पेट्रोलला विश्रांती, फक्त शेजारी बसलेल्याच्या जिवाला नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही कार्ब्युरेटरची गाडी नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलात की उतारावर इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल जळतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच." तात्या रात्रभर झोपले नाहीत. सकाळी जुन्या वह्या काढल्या आणि सासवड-जेजुरीच्या प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने 'न्यूट्रल, दुरुस्ती आवश्यक' असं लिहून खाली सही केली. बरोबर काकूंनी साक्षीदार म्हणून सही करावी असा त्यांचा आग्रह होता. काकूंनी त्या पानावर वाण्याची यादी लिहिली.

यांना कंजूष म्हणणं चूक आहे. कंजूष माणूस मुळात पालिओ १.६ घेतच नाही. तात्यांची जात निराळी, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. हे लोक हौस करतात, चांगली घसघशीत करतात. फक्त त्यानंतर हौसेला रोज खुलासा मागत बसतात. घरात दीड लाखाचा सोफा घेऊन त्यावर चादर घालणारे आणि महाबळेश्वरला जाऊन हॉटेलच्या खिडकीत घरून आणलेल्या पोळ्या खाणारे तात्यांचे सख्खे चुलत.

तत्त्व म्हटलं की ते पैशाच्याही पुढे जातं. टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या, असं कुणी सुचवलं, तेव्हा तात्या म्हणाले, "साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या २२ साठी मी पैसे मोजणार नाही." मध्यरात्रीपासून दरवाढ, अशी बातमी यायची त्या काळात ते रात्री साडेदहाला रांगेत जाऊन उभे राहात, इंजिन चालू-बंद करत पाऊण तास. वाचणार किती, तर सत्तर-ऐंशी रुपये. त्यातले वीस रांगेतच जळत. २०१७ पासून दर रोज बदलू लागले आणि तात्यांचा तो एक सण गेला. त्याबद्दल ते अजून हळहळतात.

एसी हा त्यांच्या गाडीत पाहुण्यांसाठी आहे. तोही पाहुणा सासरकडचा असेल तर. लिफ्ट मागणाऱ्याला ते आधी वजन विचारतात. सिग्नलवरचा आकडा वीसच्या वर असला की इंजिन बंद. मग हिरवा लागतो, किल्ली फिरते, मागचे भोंगे वाजतात, आणि तात्या आरशात पाहून म्हणतात, "यांची सगळ्यांची सात-आठ देत असणार." वनाझहून मेट्रो सुरू झाल्यावर काकूंनी एकदाच त्यांच्याशी शर्यत लावली. काकू गरवारे कॉलेजला उतरल्या, भाजी घेतली, एक ओळखीच्या भेटल्या, त्यांच्या सुनेची सगळी हकीकत ऐकली, तेव्हा तात्या नळस्टॉपच्या सिग्नलला इंजिन बंद करून बसले होते.

रोज सकाळी तात्या टेकडीवर जातात. कोथरूडच्या लोकांसाठी ती एआरएआयची टेकडी. गाड्यांचं अधिकृत ॲव्हरेज तपासणारी ही संस्था आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, हा तात्यांना नियतीचा संकेत वाटतो. मात्र तिच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "तिथे गाडी रोलरवर पळते. एसी बंद. वेग नव्वदच्या वर नाही. पुढे रिक्षा नाही, मध्ये म्हैस नाही, मागे पीएमटी नाही. त्या रोलरवर मीसुद्धा चौदा देईन!" फाटकावरचा वॉचमन त्यांना ओळखतो. तात्या थांबून '११.४' म्हणतात, तो सलाम करतो. बहुधा त्यालाही हिमोग्लोबिनच वाटत असावं.

अलीकडे त्यांचा शत्रू बदलला आहे. पूर्वी खड्डे, मग मेट्रोचं काम, आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागलं. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा ॲव्हरेज घसरणार हे उघडच आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट लिहिलेली आहे. तात्यांनी ते पान झेरॉक्स करून वहीत चिकटवलं, आणि शक्य असतं तर नोटराइज करून घेतलं असतं. पंचाईत एवढीच की काकूंचं माहेर बारामतीकडचं. मेहुण्याचा आठ एकर ऊस. भाऊबीजेला तात्यांनी इथेनॉलवर तोंड सोडलं, तसा मेहुणा बासुंदी वाढता वाढता म्हणाला, "दाजी, तुम्ही साखर सोडलीत डॉक्टरांच्या सांगण्यावरनं. आता गाडीनं तरी आमचा ऊस खायला नको का?"

त्याच मुक्कामाहून परत येताना तो प्रसिद्ध प्रकार घडला. रिझर्व्हचा दिवा लागल्यावर गाडी नेमकी किती जाते, ही नोंद वहीत नव्हती. ती करण्यासाठी तात्या एकामागून एक पंप मागे टाकत गेले. नोंद झाली, गाडी मोरगावच्या अलीकडे बारा किलोमीटरवर थांबली. मेहुण्याला फोन गेला. मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला, कॅन न घेता. ऊस उतरवून रिकामी झालेली ट्रॉली, तिला दोर, दोराला पालिओ. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर नाही, स्टिअरिंग जड. तात्या दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे, काकू मोरया मोरया म्हणत शेजारी. पण स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून तात्यांनी किल्ली चालू ठेवली होती, आणि त्यामुळे मीटरही चालू होता. पंपावर पोचून चाळीस लिटर भरलं. आधीचे ४५६ किलोमीटर, अधिक ट्रॅक्टरचे १२. ॲव्हरेज ११.७! शेरा: 'ट्रॅक्टरसाहाय्य'. भाच्याने हरकत घेतली की हे बारा धरता येणार नाहीत. तात्या म्हणाले, "ऑडिट मीटरचं होतं, दोराचं नाही." एकूण ऊस टाकीत गेला की तात्यांचं ॲव्हरेज घसरतं आणि ट्रॅक्टरच्या रूपाने पुढे लागला की वाढतं.

सी.ए. होऊ घातलेल्या पुतणीने एकदा सरळ हिशेब मांडून दिला. वर्षाचे चार हजार किलोमीटर. साडेदहा दिलं काय आणि साडेअकरा दिलं काय, फरक तेहतीस लिटरचा; म्हणजे साडेतीन हजारांच्या आत-बाहेर. उलट पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं फेरनोंदणी शुल्क, पर्यावरण कर, विमा, गॅरेज. "त्यापेक्षा सीएनजीची वॅगनआर घ्या काका." तात्या रागावले नाहीत. त्यांनी कागद नीट पाहिला, बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणून टिकमार्क केली, आणि कागद घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

मला कोडं होतं ते वेगळंच. वहीत दर महिन्याला एखादी नोंद अशी यायची की काही कारण नसताना ॲव्हरेज थेट ८.२. पाऊस नाही, खोदाई नाही, पंप तोच, पोरगा तोच. शेरा प्रत्येक वेळी निराळा: 'वारा विरुद्ध', 'प्लग?', 'आर्द्रता'.

एका रविवारी पहाटे मला कात्रजला एस.टी. पकडायची होती. तात्या म्हणाले, आम्ही त्याच बाजूला निघालोय, बसा. वजन न विचारता! काकू पुढे, मी मागे. चांदणी चौकातून बायपासला लागलो. रस्ता मोकळा, उजाडायला आलेलं, गाडी पाचव्या गिअरमध्ये पन्नासवर, तात्या नेहमीप्रमाणे अंडी वाहून नेल्यासारखे. वारज्याच्या पुढे एक पांढरी एसयूव्ही उजवीकडून सूं करून निघून गेली. पोराने जाता जाता भोंगाही वाजवला.

काकूंनी मांडीवरची पर्स पायाशी ठेवली. पट्टा ओढून पाहिला. "गेला की हो पुढे," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

तात्यांनी पाचवरून गिअर तिसऱ्यात टाकला. त्यानंतर गाडीतून जो आवाज निघाला तो मी कोथरूडच्या पार्किंगमध्ये कधी ऐकला नव्हता. पाठ सीटला चिकटली. पांढरी एसयूव्ही आधी शेजारी आली, मग आरशात गेली. काटा कुठपर्यंत चढला ते मी इथे लिहीत नाही. वाहतूक पोलीसही मासिकं वाचतात. "शोरूमवाल्याने पहिल्यांदा चालवली ना, तेव्हाही अश्शीच गेली होती," काकू मागे वळून मला म्हणाल्या. "हे १.२च्या रंगाचं विचारत बसले होते. मी म्हटलं, हीच घ्यायची."

कात्रजला मी उतरलो, तेव्हा तात्या बॉनेटवर वही ठेवून उभे होते. पेन उघडलं होतं, पण शेरा सुचत नव्हता. वारा मागच्या महिन्यात झाला होता, आर्द्रता त्याच्या आधी.

काकूंनी खिडकीची काच खाली केली. "इथेनॉल लिहा," त्या म्हणाल्या. "आणि चला, परतीला तो पुन्हा सापडेल."