खाऱ्या वाऱ्यांस कारणे दाखवा

प्रति,
श्री. खारे वारे,
मुक्काम अरबी समुद्र, रॉक गार्डनच्या पलीकडे,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

विषय : आपल्यावरील गंभीर आरोपांचा अद्याप खुलासा न केल्याबाबत.

महोदय,

आपण बंदरात रोज येता, माड हलवता, सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास थेट भरड नाक्यापर्यंत पोचवता. पण सरकारदरबारी आपल्यावर एवढे ठपके असताना आपण आजवर एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून हे खुलं पत्र.

पहिला ठपका तुम्हाला ठाऊक आहेच. 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशी समिती बसायच्या आधीच गुन्हेगार सापडला होता : तुम्ही. ताशी 45 किलोमीटर वेगाने आलात, असं खुद्द तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. आता पंचेचाळीस म्हणजे किती, हे मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तेवढ्या वाऱ्यात आमच्याकडे कोंबडी फार तर जागा बदलते. तुम्ही खरोखर मनावर घेतलं होतं ते मे 2021 मध्ये, तौक्ते होऊन आलात तेव्हा. माड मोडले, आंब्या-काजूच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात बसली. त्याची नुकसानभरपाई मागायला गेलेल्यांना मात्र वाऱ्याचा वेग नाही, सातबारा विचारला गेला.

दुसरा ठपका खारटपणाचा. पुतळा पडायच्या सहाच दिवस आधी, 20 ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणातल्या अभियंत्यांनी नौदलाला कळवलं होतं की पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याचे नटबोल्ट गंजले आहेत. समुद्रकाठचा वारा खारा असतो, ही गोष्ट अशा रीतीने शासनाच्या दप्तरी लेखी नोंदली गेली. आमच्या आज्यांना ती तोंडी माहीत होती. म्हणून त्या पत्र्याचा डबा समुद्राकडच्या खिडकीत ठेवत नसत. पुढे शिल्पकाराला अटक झाली, बांधकाम सल्लागाराला अटक झाली, पंतप्रधानांनी 30 ऑगस्टला पालघरात माफी मागितली. फरार राहिलात ते फक्त तुम्ही.

मधल्या मधे, 28 ऑगस्टला, दोन बाजूंचे नेते एकाच वेळी किल्ल्याची पाहणी करायला आले आणि कार्यकर्त्यांत राडा झाला. त्या दिवशी राजकोटावर जे दगड उडाले त्यांत आपला हात नव्हता, असं प्रमाणपत्र मी केव्हाही द्यायला तयार आहे.

समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं उदाहरण मी देत नाही. 1664 मध्ये पाया घातलेला तो कोट अजून उभा आहे, हे सांगून सांगून सगळ्यांचे घसे बसले. मला फक्त कुतूहल आहे : साडेतीनशे वर्षं तुमचं तिथे काहीच कसं जमलं नाही? पायात शिसं ओतलं होतं म्हणून, की तेव्हा निविदा नव्हती म्हणून? असो. 11 मे 2025 ला नव्या पुतळ्याचं पूजन झालं. जूनच्या पावसात चबुतऱ्याशेजारची जमीन खचली, तेव्हा तुमचं नाव कोणी काढलं नाही. त्या खेपेला पाऊस होता ना.

तिसरा ठपका मात्र जुना आहे : आपण मतदानात ढवळाढवळ करता. निवडणूक लागली की मुंबईचा चाकरमानी फोनवर तब्येत विचारायच्या आधी ‘गावात हवा कोणाची?’ म्हणून विचारतो. जेटीवरच्या चहाच्या टपरीवर हाच प्रश्न एकाने टाकला, तर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर न करता सांगितलं, “माका कित्याक इचारतस? माझो पंखो काल रातीपासून बंद आसा.” टपरी हसली आणि परत हवेवरच आली. एलईडीचे दिवे लावून मासे धरणाऱ्या बोटी अमुक रात्री किती आत आल्या होत्या, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. उमेदवाराला तो प्रश्न घालायचं कोणालाच सुचलं नाही.

हवेचा हिशेब बघा. नारायण राणे 1990 मध्ये मालवणातून पहिल्यांदा आमदार झाले. 2005 मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूकही जिंकले. 2014 मध्ये कुडाळात वैभव नाईकांनी त्यांना हरवलं, 2024 मध्ये ते भाजपचे खासदार झाले. पुतळा पडल्यावर वारं आता फिरणार, असं पुष्कळांनी ठरवून टाकलं होतं. नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव निलेश राणे त्याच कुडाळातून धनुष्यबाणावर आठ हजारांवर मतांनी निवडून आले. आज एकाच घरात कमळही आहे आणि धनुष्यबाणही. तुम्ही कुठल्याही बाजूने या, एक खिडकी उघडी सापडेलच.

डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत तर राज्यात एका पंगतीला बसणारे दोन पक्ष मालवणात एकमेकांसमोर उभे होते. एका पक्षाच्या आमदारांनी दुसऱ्याच्या कार्यकर्त्याच्या घरी जाऊन रोकड सापडल्याचा आरोप केला. कचरा, पार्किंग, देवबागचा बंधारा वगैरे किरकोळ विषय अर्थातच मागे पडले. मतदान 2 तारखेला झालं. दुसऱ्या दिवशी व्हायची मतमोजणी न्यायालयाच्या आदेशाने 21 पर्यंत लांबली, आणि तेवढे दिवस ‘हवा आमचीच’ म्हणणाऱ्यांना ती फुफ्फुसात धरून ठेवावी लागली.

एक गोष्ट मला खरंच कळत नाही. 1971 मध्ये देशभर इंदिरा लाट होती, तेव्हा मालवण ज्यात होतं त्या राजापूर मतदारसंघाने समाजवादी मधु दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं. 1984 मध्ये त्याहून मोठी लाट आली, तरी पुन्हा दंडवतेच. त्याआधी नाथ पै तीनदा. त्या काळात आपण रजेवर होता काय? की शिडाची होडी हाकणाऱ्यांना वाऱ्याची भीती कमी असते आणि डिझेलची सबसिडी आली की ती वाढते? खुलाशात याचं उत्तर अवश्य द्यावं.

मासेमारीपुरतं थोडक्यात. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 ला निर्बंध घातले, एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. तरी रात्री क्षितिजावर दिवाळी दिसते. जेटीवरचं गाऱ्हाणं असं, की बोटी येतात तेव्हा वारा नसतो आणि गस्त निघायची असते तेव्हा तो हमखास सुटतो. जानेवारी 2025 पासून नजर ठेवायला ड्रोन आले आहेत. ते उडतात तुमच्याच अंगावरून, तेव्हा त्यांना तरी सांभाळून घ्या. नाही तर तोही गुन्हा तुमच्याच नावावर चढेल.

तरी आपण आपलं लेखी म्हणणं पुढच्या आचारसंहितेपूर्वी सादर करावं. न केल्यास आपल्याला काही म्हणायचं नाही असं समजून यापुढचे रस्ते, बंधारे आणि निकाल आपल्याच खात्यावर टाकले जातील.

आपला,
बंदर जेटीवरचा एक मतदार

प्रत माहितीसाठी : मतलई वारे. (आपण जमिनीकडून येता आणि पहाटेच निघून जाता, म्हणून अजून सुटलात.)

ता.क. : खुलासा ई-मेलने पाठवू नये. तुम्ही जरा जोरात आलात की इथे लाइट जाते, आणि चौकशी केली की कारण तुमचंच सांगतात.