बस, एवढंच!

अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिल असलेल्या काकाजींना सॉफ्टवेअर हवं असतं. कसं हवं, याचं उत्तर ठरलेलं. "एकदम सोपं. बटन दाबलं का हिसोब आला पाह्यजे. बस, एवढंच." हे 'एवढंच' चाळीस पानांत नीट लिहून काढायला अमरावतीहून एक पोरगी येते.

काकाजी हा एकटा माणूस नव्हे, तो वाण आहे. जिनिंगमध्ये, कृषी केंद्रात, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या व्यापारात, सगळीकडे तो उगवतो. चहा पाजतो, पोरीला 'बेटा' म्हणतो आणि सरळ उत्तर देत नाही.

"काकाजी, एका क्विंटल तुरीतून डाळ किती निघते?"

"सत्तर किलो धर. पंच्याहत्तरही निघते."

"नक्की किती लिहू?"

"थे तुरीवर हाय, बेटा. अन् उन्हावर. तेल-पाणी देऊन तूर वाळू घातली अन् आभाळ आलं, तं तुह्या कॉम्प्युटरले समजते काय?"

पोरगी निमूट लिहिते : उतारा, हवामानानुसार. मग डाळीत फटका वेगळी, सव्वा नंबर वेगळी, आणि चुरा म्हणजे चुनी वेगळी. "चुनीचा हिसोब दाखवजो, पण बंद्याइले नको दाखवू," काकाजी आवाज खाली आणतात. कोणाला नको, असं विचारल्यावर ते धाकट्या भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतात आणि सुपारी कातरू लागतात.

पुढचा मुद्दा उधारीचा. "तीस दिवस झाले का व्याज लागलंच पाह्यजे."

"सगळ्यांना?"

"बंद्याइले! वळखीचे सोडून."

"ओळखीचे म्हणजे कोण?"

"आता अकोल्यात मले कोन नाही वळखत?"

मागण्यांच्या अशा मसुद्यासाठी आयईईई या संस्थेचं 830 क्रमांकाचं एक मानक होतं. 1998 च्या आवृत्तीत चांगल्या मसुद्याचे आठ गुण दिलेत. तो बिनचूक हवा, पूर्ण हवा, त्यातून एकच अर्थ निघावा, त्यात परस्परविरोध नसावा, त्याची खातरजमा करता यावी, वगैरे. मागण्या महत्त्वाच्या क्रमानं लावाव्यात, असाही एक गुण आहे. काकाजींच्या सगळ्या मागण्या पहिल्या नंबरवर असतात. दुसऱ्या नंबरवर त्या असतात ज्या त्यांना रात्री सुचतात आणि सकाळी सहाला फोनवर येतात.

उशीर झाला की काकाजी रस्त्याचा दाखला देतात. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. "पाच दिवसांत रस्ता होते, अन् तुहं काहून होत नाही?" पोरगी काही बोलत नाही. डांबर पडत असताना मधेच कोणी 'आता जरा दर्यापूरकडून वळवून घे' म्हणालं नव्हतं, एवढंच तिच्या मनात येतं.

काकाजींना नेमकं सांगता येत नाही, असं मात्र कोणी समजू नये. तोंडी ठेवलेला नियम हवा तेव्हा वाकवता येतो. कागदावर आला की भावाला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना सारखा दिसतो. म्हणून ते मोघम बोलतात, आणि तेही अगदी हिशेबानं. याचा पुरावा शेवटच्या पानावर मिळतो. तिथं पोरीच्या पैशाचा विषय निघतो. काकाजी चष्मा चढवतात, तुरीच्या वजनाची चिठ्ठी उलटी करतात आणि स्वतःच्या हातानं लिहितात : 'अर्धे पैसे काम सुरू झाल्यावर. बाकीचे दिवाळीच्या पाडव्याले, तवापावतर एकही चूक निघाली नाही तं. जीएसटी त्यातच. फोन उचलला नाही तं दिवसाचे पाचशे कपात.'

बिनचूक, पूर्ण, एकाच अर्थाचं आणि खातरजमा करता येईल असं. आठही गुण चार ओळींत.

"काकाजी, ओळखीच्यांना कपातीत सूट नाही का?" पोरगी विचारते.

"व्यवहारात कायची वळख, बेटा?"