तीन इंचांना दोन सूत कमी

१९६२ च्या शस्त्र नियमांनी दखल घेतली ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची, आणि तीही घरकामाची वा शेतकामाची नसतील तरच, हे एका वकील मित्राने मला सांगितले तेव्हा माझा जो पाणउतारा झाला तो मी अद्याप विसरलेलो नाही. कारण ज्याच्या भरवशावर मी वीस वर्षे रात्रीच्या पॅसेंजरमध्ये निर्धास्त घोरत आलो, तो माझा चाकू पूर्ण उघडून फूटपट्टीवर ठेवला असता तीन इंचांना दोन सूत कमी भरतो. सरकारदरबारी माझी गणना शस्त्रधाऱ्यांत नसून पेरू कापणाऱ्यांत आहे.

तरीही मंडळींत कुणी ‘चाकू आहे का हो कुणाकडे?’ असे विचारले की माझ्या अंगी एकदम गांभीर्य संचरते, आणि तो कोणत्या खिशात आहे हे पक्के ठाऊक असूनही मी आधी इतर दोन खिसे सावकाश चाचपतो. पात्याच्या बुडाशी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीचा तारा आणि क्रूस आहे, मूठ सांबरशिंगाची. आमच्या अरण्यांत गळून पडलेली शिंगे विलायतेस जात आणि मुठी होऊन परत येत, तेव्हा दादाभाई नौरोजींनी दाखविलेल्या त्या संपत्तीच्या ओघातला एक थेंब माझ्या खिशात स्वगृही परतला आहे, असे मी पाहुण्यांना ऐकवतो. पाहुणे तेव्हा घड्याळाकडे पाहतात.

पाते जुन्या पोलादाचे, म्हणजे गंजणारे, आणि आवळा चिरला की आवळ्यासकट काळे पडणारे. येथे किंचित विषयांतर करतो, कारण हा विषय मला फार प्रिय आहे. आवळ्यातला तुरट अंश लोहाशी संयोग पावला की काळा रंग उत्पन्न होतो. आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून आपले पूर्वज जी शाई करीत, तीही याच संयोगाची. आता असे पाहा, की लहान चाकू हे मुळात लेखकाचेच हत्यार: दफ्तरातला कारकून कलमदानात कलमतराश बाळगी तो बोरूसाठी, आणि साहेबही त्याला पेननाइफ म्हणे तो पिसाची लेखणी तासण्यावरून. बोरू तिरपा छाटावा, पोटातला गर खरवडावा, टोकाला मधोमध चीर द्यावी आणि शेवटी ते टोक कठीण पृष्ठावर टेकवून एका दाबात तोडावे. मोडीची सारी लपेट त्या एका छेदावर अवलंबून. म्हणजे जो चाकू लेखणी घडवितो, तोच आवळ्याच्या संगतीने शाईही घडवितो. उणीव राहते ती केवळ मजकुराची, आणि ती मी गेली कित्येक वर्षे मासिकांतून भरून काढीत आहे (संपादकांचे मत निराळे आहे). हा सिद्धान्त मी काळ्या पडलेल्या फोडींच्या साक्षीने पत्नीपुढे सविस्तर मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, मग मोरावळा बरणीत भरू की दौतीत?” उरलेले आवळे तिने विळीवर चिरले.

दर रविवारी सहाणेवर पाणी शिंपडून मी धार लावतो, ती मनगटावरच्या केसांवर पारखतो (डाव्या मनगटावर आता पारखण्याजोगे काही उरलेले नाही), आणि सांध्यात खोबरेलाचा थेंब सोडतो. इतक्या सेवेनंतरही गेल्या श्रावणात कमान तुटली. पुण्यात बोहरी आळीच्या आसपास बसणाऱ्या एका वृद्ध शिकलगारांकडे मी तो नेला. त्यांनी पाते उजेडात धरले, बोटाने त्याची निमुळती झालेली रुंदी मोजली आणि म्हणाले, “वापरून नाही झिजला हा, साहेब. धार लावून लावून झिजवलात तुम्ही.” मला राग आला. खरे बोलणाऱ्याचा येतो तसा.

चाकू वडिलांचा. ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या पेन्सिली तासून ठेवीत, आणि शेवटची झाली की चाकू मिटत. त्या ‘खट्’ आवाजानंतर मला झोप लागे. अखेरच्या वर्षी त्यांचे हात कापू लागले, बोटांत पाते उघडण्याचे बळ राहिले नाही. तेव्हा ते न बोलता चाकू माझ्यापुढे धरीत, मी उघडून देई, आणि ते तो मांडीवर टेकवून मिटून घेत. तेवढे त्यांना जमे. कापायचे काहीच नसे.

शिकलगारांनी जुन्या करवतीच्या पट्टीतून नवी कमान घासून बसविली, नवा पितळी खिळा ठोकला, आणि मजुरी सांगितली ती इतकी वाजवी की घासाघीस करण्याचा माझा पिढीजात हक्क बुडाला. मी चाकू मिटला. ‘टप्’ असा आवाज झाला.

“मामा, पूर्वी असा वाजत नव्हता.”

“आवाजानं काय कापायचंय, साहेब?”

यावर मला उत्तर सुचले नाही. मी नुसताच उघडमीट करीत उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, चाकू मागून घेतला, खिळा काढला आणि कमानीच्या टोकावरून कानस दोनदा फिरवून तो पुन्हा जोडला. आता ‘टक्’ वाजला.

“हा का?”

मी मान हलविली. त्यांनी पुन्हा खिळा काढला.