चारशे तीस अधिक एक

ऑक्सफर्डचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश १९८९ साली वीस खंडांत निघाला, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद होती 'सेट'ची. मराठीत लिहिलं तर अक्षरं दोन. अर्थ चारशे तीसच्या वर. पुढे नव्या आवृत्तीचं काम निघालं आणि 'रन' पुढे सरसावला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्यापायी नऊ महिन्यांहून जास्त काळ खपले.

साहेबांनी ते नऊ महिने आमच्या एखाद्या तालुक्याला काढले असते, तर 'सेट'वर हा अन्याय झालाच नसता.

आमच्याकडे पूर्वी दही लागायचं, हल्ली सेट होतं. फलंदाजही सेट होतो, आणि झाला रे झाला की बाद होतो. गोरेगावच्या चित्रनगरीत सेट लागतो. त्यावरच्या सासवा रात्री झोपतानाही गळ्यात सोन्याचा सेट घालतात, आणि सेट-टॉप बॉक्सच्या कृपेने आपण ते जेवता जेवता पाहतो. धाकटा अमेरिकेत सेट झाला, असं सांगताना आईचा आवाज उगीचच एक पट्टी वर चढतो.

शिवाय एक सेट परीक्षाही आहे. पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. ती सुटली की माणूस सहायक प्राध्यापक व्हायला पात्र. पात्र म्हणजे पात्रच, प्राध्यापक नव्हे! तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं, मानधन येईल तेव्हा घ्यायचं आणि जागा निघाली की फाइल काखोटीला मारून मुलाखतीला जायचं. तिथे व्हरांड्यात संस्थेचा एक माणूस पान चघळत उभा असतो. फाइलकडे तो ढुंकूनही बघत नाही.

"कुणाकडून आलात?"

"एसटीने आलो, सर."

"म्हणजे सेटिंग काहीच नाही!" असं म्हणून तो पुढच्या उमेदवाराकडे वळतो.

हा अर्थ ऑक्सफर्डला कुठून ठाऊक असणार? तहसीलपासून मंत्रालयापर्यंत कुणाला तो समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या बैठकीतही नाही. मुलाचे काका कौतुकाने सांगतात, "आमचा पोरगा पहिल्या फटक्यात सेट पास झालाय."

मुलीचे मामा बशीतला चहा संपवतात. "पास असेल हो. पण सेट आहे का?"