पहिली रांग राखीव आहे

मुंबई-आग्रा महामार्गाने एका दिशेला गेलं की मुंबई, दुसऱ्या दिशेला सातपुडा ओलांडला की इंदूर. मधे कुठेतरी धुळे जिल्ह्यातलं आमचं नरडाणा. या भूगोलाकडे विनोदाच्या अंगाने अजून कोणी पाहिलेलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईत काय झालं ते ताजं आहे. विनोदवीर कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर विनोद केला आणि २३ मार्च २०२५ च्या रात्री शिंदेंच्या कार्यकर्त्यांनी खारच्या ‘हॅबिटॅट’ क्लबमध्ये खुर्च्या मोडल्या. विनोद आधीच रेकॉर्ड होऊन मोबाइलवर फिरत होता. विनोद करणारा तिथे नव्हता. खुर्च्या मात्र होत्या, त्यामुळे पक्षनिष्ठेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. दुसऱ्या दिवशी महापालिकाही हातोडे घेऊन पोचली. एवढी तत्परता खड्ड्यांच्या नशिबी नाही. खड्डे विनोद करत नाहीत ना.

इंदूरचं काम याहून काटकसरीचं. तिथे १ जानेवारी २०२१ ला विनोदवीर मुनव्वर फारुकीला धरलं. ज्या विनोदांसाठी धरलं ते त्याने त्या संध्याकाळी केल्याचा पुरावा नाही, असं पोलीस अधिकारीच नंतर म्हणाले. तरी महिनाभर तो आत होता आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला तेव्हा कुठे बाहेर आला. म्हणजे एकीकडे विनोदानंतर तोडफोड, दुसरीकडे विनोदाआधी अटक. या दोन्हींच्या मधे, भर हायवेला, नरडाणा. इथे नाट्यगृहच नाही. जे नाही ते फोडणार कसं? विनोदवीरांसाठी महाराष्ट्रात याहून सुरक्षित जागा मला तरी दिसत नाही.

तेव्हा स्टँडअप कॉमेडीचा एक प्रयोग नरडाण्याला व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे, जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे खुर्च्या आहेत.

कार्यक्रम सातला. म्हणजे साडेआठला दीपप्रज्वलन. उघड्यावर असल्याने समईची वात चार वेळा विझेल, आणि चारही वेळा फोटो निघतील. मग पाहुण्यांचा परिचय, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचं नाव सूत्रसंचालकाकडून राहून गेलं त्यांची समजूत. “मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही” हे वाक्य प्रत्येक वक्ता म्हणेल. वास्तविक त्या रात्रीचा सगळ्यात चांगला विनोद तोच, पण तो करणाऱ्यावर गुन्हा दाखल होत नाही. मुंबईहून आलेला पोरगा तोवर काळा टी-शर्ट घालून मंडपामागे उभा असेल आणि मच्छर मारत स्वतःचा मजकूर विसरत असेल.

पहिल्या रांगेत सोफे. त्यांवर पांढरी चादर. ही रांग पुढाऱ्यांची, आणि खरा कार्यक्रम तिथेच असतो. मागचे लोक रंगमंचाकडे बघतच नाहीत, सोफ्यावरच्या मानेकडे बघतात. मान हलली की हसायचं, नाही हलली की खोकायचं. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही, ग्रामसभेत बसून आपोआप येतं.

आता हा पोरगा शहरी सवयीने समोरच्याला विचारणार, “काका, तुम्ही काय करता?” शहरात त्यावर माणूस लाजून ‘आयटी’ म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं त्याची टर उडते. इथे काका म्हणतील, “शेती. कापूस.” आणि उभे राहतील. एकदा उभे राहिले की माइक त्यांचाच. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांवर निघाला म्हणून गाडी कशी परत पाठवली, मग तोच कापूस त्याच दिवशी व्यापाऱ्याने कोणत्या भावात उचलला, बोंडअळी कशी आली, सगळं तपशीलवार. मंडप हसून लोळेल, कारण प्रत्येकाची गाडी कधी ना कधी परत आलेली आहे. आणि शेवटी काकाच त्याला विचारतील, “तू काय करस रे भो?”

“मी विनोद करतो.”

“ते समजनं. पन पोट भराले काय करस?”

याला मुंबईत क्राउडवर्क म्हणतात आणि त्याचं तिकीट लावतात.

पोरगा हुशार असेल तर नरडाण्याचाच मजकूर उचलेल. विनोदात म्हणे दोन वाक्यांमधल्या थांब्याला फार महत्त्व असतं. थांबा कसा घ्यावा हे रेल्वेकडून शिकावं. सुरत-भुसावळ मार्गावर आमचं स्टेशन आहेच, पण मनमाड-इंदूरची गाडी नरडाण्यावरून जाणार, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. धुळे-नरडाणा टप्प्याचं भूमिपूजन खुद्द पंतप्रधानांनी १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात येऊन केलं. मनमाड-इंदूर मार्गाला मंत्रिमंडळाची मंजुरी आली २ सप्टेंबर २०२४ ला, अठरा हजार कोटींची. प्रत्येक निवडणुकीला पहिली ओळ म्हटली जाते आणि प्रेक्षक पंचलाइनची वाट बघत बसतात. एवढा दमदार थांबा घेणारा कलाकार यूट्यूबवरच्या अख्ख्या ‘भाडिपा’त सापडायचा नाही.

खान्देशाला हा प्रकार नवीन आहे, असं मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे रायरंद होता. आज तलाठी, उद्या डॉक्टर, परवा फौजदार अशी सोंगं घेऊन तो गावात शिरायचा. फौजदाराचं सोंग घेऊन भर चौकात पाटलालाच दरडावायचा, वॉरंट आहे म्हणायचा, आणि गाव पोट धरून हसायचं. पाटीलही हसायचा आणि घरातून सूपभर ज्वारी आणून द्यायचा. सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र चालायच्या, त्यांत सावकारापासून जावयापर्यंत कोणी सुटत नसे. मोठ्या शहरांतही वेगळं नव्हतं. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, त्यात दादा कोंडके हवालदार होऊन राजा आणि प्रधानाच्या नावाखाली त्या वेळच्या सरकारला रोज सोलून काढत. रोज नवी पदरची वाक्यं. दीड हजारांवर प्रयोग झाले. तेव्हा खोटा पोलीस हसवायला यायचा. आता हसवून झालं की खरा पोलीस येतो.

आणि पोलीस नाही आला तर चाहते येतात. २०२५ च्या फेब्रुवारीत सोलापुरात विनोदवीर प्रणित मोरेचा प्रयोग संपल्यावर काही जण फोटो काढायला म्हणून जवळ आले आणि त्यांनी त्याला बदडलं. कारण काय, तर एका नव्या नटावर केलेला विनोद. राजकारण नाही, धर्म नाही, नुसता नट! भावनांचा इतका बारीक दाणा पूर्वी महाराष्ट्रात पिकत नव्हता. कामराच्या प्रकरणात तर खान्देशानेही आपला वाटा उचलला. कार्यक्रम इकडे कधी आला नाही, पण तक्रार जळगावहून गेली. मालाची आवक नसताना निर्यात करणारा एवढा एकच धंदा आमच्याकडे नीट चाललाय.

परवानगीचाही विचार करून ठेवला आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. याविरुद्ध अमोल पालेकर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. माझं म्हणणं उलट आहे, तपासणी अपुरी आहे. विनोदवीराची संहिता तपासून उपयोग काय? प्रेक्षकांची तपासा. कोण कुठे हसणार, किती सेकंद हसणार, हसताना कोणाकडे बघणार, हे तीन प्रतींत आधी सादर करावं. कापसाच्या काकांचं उत्तर स्वतंत्र जोडपत्रात.

खर्चाची अडचण नाही. नरडाण्याला एमआयडीसी आहे, जाहिराती मिळतील. तिकीट लावावं की नाही यावर गावात चर्चा केली, तर पहिला प्रश्न आला, “तिकीट कितलानं शे, आनि त्यामा जेवन शे का?” जेवण आहे. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. विनोद फसला तरी माणूस उपाशी परत जाणार नाही, एवढी हमी मुंबईचे क्लब देत नाहीत.

तर विनोदवीरांनो, या. येताना फक्त एवढं करा, संयोजकांकडून पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची नावं आदल्या दिवशीच लेखी मागवून घ्या. परतीची गाडी मात्र रस्त्याचीच धरा. इंदूरची रेल्वे अजून आलेली नाही.