घोडेवाले तात्या आणि तीन पायांचा विमा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की दर गावाला चार गोष्टी हमखास भेटतात : उसाचा फड, दूध संकलन केंद्र, कारखान्याच्या कारभारावर बोलणारी पारावरची मंडळी आणि घोडेवाले तात्या. तात्यांचं घर विचारावं लागत नाही. ज्या अंगणात ट्रॅक्टर उन्हात आणि घोडी पत्र्याच्या सावलीत उभी असेल, ते घर तात्यांचं. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो आणि घोडी हट्टावर.

तात्यांच्या घोडीला काम काय, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा नसतो. ती नांगराला चालत नाही, दूध देत नाही. पुतण्याच्या लग्नात ती एकदा वरातीला नाचली होती आणि डीजेला बुजून नवरदेवासकट मंडपात शिरली होती. पण तात्यांच्या लेखी ती इतिहास आहे. भीमा-नीरेच्या काठचं भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजेत नावाजलेलं होतं, हे ते सांगतात आणि ते खरंही आहे. पुढे हीच तट्टं धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत राहिली आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. इथपर्यंत तात्या बरोबर असतात. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा आपला पूर्वज डाव्या हाताला होता, इथून पुढे ते एकटे असतात.

घोडीची किंमत विचाराल तर ती ऐकणाऱ्यावर अवलंबून. अकलूजच्या घोडेबाजारात भेटलेल्या गिऱ्हाइकाला तात्या पाच लाख सांगतात. पारावर तीन. काकूंना मात्र, "पन्नास हजारात पडली, फुकट म्हण की!" खरा आकडा तात्या आणि व्यापारी यांच्यात रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला, म्हणजे साक्षीदार नाही.

अशा या माणसासमोर एके दिवशी विमा एजंट येऊन बसतो. तो गावचाच असतो. तात्या त्याला "आरं पोरा" म्हणतात आणि चहा पाजतात. आणि मग घोडं नेमकं किमतीपाशी पेंड खातं. हप्ता किमतीच्या टक्केवारीने. जास्त किंमत लावली तर हप्ता वाढतो, कमी लावली तर भरपाई घटते. तात्यांचं म्हणणं सरळ असतं : "हप्त्याला पन्नास हजार धर आणि भरपाईला पाच लाख." किंमत मालक, पशुवैद्य आणि कंपनी मिळून एकच ठरवतात, हे पटवता पटवता चहा दुसऱ्यांदा होतो. अखेर दोन लाखांवर तोड निघते. शेकडा चार दर धरला तरी वर्षाला आठ हजार. तात्यांचा चेहरा उतरतो. मागच्याच महिन्यात त्यांनी घोडीसाठी गोंडे, नवा लगाम आणि चांदीचं पाणी दिलेला पट्टा आणलेला असतो. तेव्हा हिशेब मांडला नव्हता, कारण ती हौस होती. हा खर्च आहे.

पोरगं हुशार. ते सरकारी योजना काढतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाला. पशुविम्याच्या हप्त्यात मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आला, उरलेलं केंद्र आणि राज्य भरणार. म्हणजे योजनेत बसलं तर आठ हजारांचे बाराशे. तात्या खूश. सही करायला चष्मा काढतात आणि तो लावल्याबरोबर त्यांना योजनेतली ओळ दिसते : घोडा, गाढव, खेचर, उंट या साऱ्यांची गणना ओझेवाहू जनावरांत.

"आमच्या घोडीनं ओझं वाहिलं कधी?" तात्या चष्मा काढतात. बाराशे रुपयांसाठी भीमथडीच्या लेकीला गाढवाच्या ओळीत उभं करायचं? पोरगं समजावतं की कागदावरच म्हणायचं आहे. "कागदावरच म्हंजे कायमचंच की!" सातबारा पाहिलेल्या माणसाला कागदाची ताकद सांगावी लागत नाही.

मग ओळख पटवायची पायरी. जनावराची खूण हवी : कानात बिल्ला किंवा कातडीखाली चिप. पशुविम्यात बिल्ला नाही तर भरपाई नाही. घोडीच्या कानाला भोक पाडायची कल्पनाही तात्यांना सहन होत नाही; सुनेने नाक टोचायला नकार दिला तेव्हा मात्र ते आठवडाभर बोलले नव्हते. पण डॉक्टर घोडीचं वर्णन लिहून घेताना रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा आणि अंगावरचे भोवरे टिपू लागतात तेव्हा तात्या एकदम ताठ होतात. घोड्याचे भोवरे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, म्हणून डॉक्टर ते ओळखीसाठी टिपतात. तात्यांना त्यात शुभ भोवरा, देवमण दिसतो. संध्याकाळी पारावर बातमी : "घोडीचा देवमण सरकार दरबारी नोंदला!"

एवढं होऊन सही राहतेच. कारण शेवटी तात्या विचारतात, की पैसे मिळणार कधी? पोरगं खाली बघत म्हणतं, "तात्या, घोडी गेली तर." अंगणात शांतता. काकू आतून म्हणतात, "असलं बोलवतं तरी कसं!" तात्या कागद बाजूला सारतात. "उसाचं बिल आलं की बघू." या पट्ट्यात या वाक्याचा अर्थ नाही असा होतो, आणि तो कोणाला लागत नाही.

तात्यांचा तोवर दुसरा विमा चालूच असतो. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बेलवाडीला आली की गोल रिंगण होतं. अश्व धावून गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. तात्या त्यातली चिमूटभर पुडीत बांधून घोडीसाठी आणतात. शिवाय पायात काळा दोरा. वार्षिक हप्ता शून्य, बिल्ला नाही, आणि घोडी जिवंत असतानाच लाभ.

मग एका रात्री घोडी उसाच्या वाढ्यांवर ताव मारते आणि तिला पोटशूळ उठतो. ती पाय आपटते, वळून वळून कुशीकडे बघते, जमिनीवर लोळते. अर्ध्या तासात अख्खी वस्ती गोळा. कोणी ओवा सांगतं, कोणी हिंग, कोणी बाटलीभर तेल घशात ओतायला पुढे येतं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर एका अडलेल्या गाईकडून थेट येतात आणि पहिली ती बाटली काढून घेतात. असं ओतलेलं तेल फुफ्फुसात गेलं तर पोट राहायचं बाजूला. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. डॉक्टर नाकातून पोटात नळी घालतात, इंजेक्शन देतात आणि सांगतात, आतड्याला पीळ पडला असेल तर इथे भागणार नाही, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागेल. पिकअप ठरते. रात्रभर तात्या घोडीच्या मानेला धरून उभे. पहाटे घोडी लीद टाकते आणि तात्या ती बातमी नातू झाल्यासारखी फोनवर सर्वांना कळवतात.

उजाडल्यावर औषधांचं, सलाइनचं, न वापरलेल्या पिकअपचं असं बिल जमतं. तात्यांचा पहिला फोन एजंटला. वरातीमागून घोडं ते हेच. पोरगं सांगतं, पॉलिसी आज काढली तरी पहिल्या पंधरा दिवसांतला आजार बहुतेक कंपन्या धरत नाहीत. आणि काल असती तरी औषधाचं बिल मिळालं नसतं, ती मरणाची भरपाई आहे. तात्या क्षणभर गप्प. मग : "म्हंजे वाचवली ही माझी चूक झाली म्हणायची!"

तात्यांना मरणाचा विमा नकोच असतो. घोडी मेली तर पैसे घेऊन करायचं काय, हा त्यांचा प्रामाणिक सवाल. त्यांना हवा असतो जगण्याचा विमा : रात्री दोनच्या डॉक्टरचा, पिकअपचा, सलाइनचा. तो नेमका आपल्या पशुविम्यात नाही.

"तिकडं मिळतो की!" इंग्लंडातला भाचा व्हिडिओ कॉलवर सांगतो. तिकडे घोड्याच्या दवाखान्याच्या खर्चाचाही विमा असतो. तात्या फोन कानाला लावून सरसावून बसतात. मग भाचा अटी वाचू लागतो. प्रत्येक दुखण्याचा पहिला ठरावीक खर्च मालकाचा. स्वस्त पॉलिसीत खर्चाची मर्यादा तोकडी. आणि एकदा एक पाय दुखला, त्याची भरपाई घेतली, की नूतनीकरणाला तो पाय वगळला जाऊ शकतो. "म्हंजे पुढल्या वर्षी तीन पायांचा इमा?" तात्या विचारतात. "आन् चौथा पाय कोणाचा?" भाच्याकडे उत्तर नसतं.

जुन्या फौजेत हा सवाल निकाली निघाला होता. बारगिराला घोडा सरकारचा, घोरही सरकारचा. शिलेदार घोडा स्वतःचा आणायचा, त्याचा मान मोठा आणि काळजीही त्याचीच. तात्यांना मान शिलेदाराचा हवा आणि घोर बारगिराचा.

निकाल काकू लावतात. त्यांच्या दोन गाईंचा विमा त्यांनी केव्हाच काढलेला असतो, दर दहा दिवसांच्या दूध बिलातून. त्यांचा हिशेब एका ओळीचा : जे जनावर गेलं तर चूल थांबते, त्याचा विमा काढायचा. नवरदेवाची घोडी कर्जाने घेऊन वरातींवर घर चालवणाऱ्या भावकीतल्या पोराला त्या स्वतः बजावतात, "तू मुकाट्यानं काढ, ओझेवाहू तर ओझेवाहू." आणि जे जनावर गेलं तर फक्त तात्या जेवत नाहीत, त्याच्यासाठी डबा. महिन्याला हजार रुपये, स्टीलचा डबा, किल्ली काकूंकडे. औषधपाणी त्यातून, गोंडे त्यातून नाहीत.

योजना उत्तम चालते. अडचण एवढीच, की त्यानंतर वाढ्यांचा भारा कुलपात जातो आणि घोडीचं पोट दुखतच नाही. डबा जड होत जातो. तात्या येता-जाता तो हलवून बघतात, सतत तब्येतीत राहणाऱ्या घोडीकडे जरा नाराजीने बघतात, आणि अकलूजच्या बाजाराच्या तोंडावर काकूंपुढे ठराव मांडतात : "पैसं नुसतं पडून हायती. एक शिंगरू घेऊ. डब्यालाबी जोडीदार हुईल."